उन्हाला जाळी, पावसाला कागद : कोकणातल्या परसातलं छोटं हरितगृह

मृगाच्या तोंडावर पेरलेली कोथिंबीर रत्नागिरीत बहुतेक घरांनी एकदा तरी गमावलेली असते. बी रुजतं, दोन-दोन पानं वर येतात, जीव सुखावतो. मग आर्द्रात एका रात्री असा काही पाऊस कोसळतो की सकाळी वाफ्यात रोपं मातीला चिकटून आडवी. पानांच्या खालच्या बाजूला तांबड्या मातीचे शिंतोडे, देठ मुळाशी पाणचट झालेला. दोन-तीन दिवसांत वाफा रिकामा होतो. त्यानंतर दिवाळीपर्यंत जुडी विकत आणायची, तीही घाट उतरून आलेली आणि निम्मी काळी पडलेली.

‘परसात एक छोटं ग्रीनहाऊस घालावं म्हणतो, कोणतं घेऊ?’ हा प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो, त्याच्या मुळाशी बहुधा हा असाच एखादा वाफा असतो. अंगणात, गच्चीवर, आगराच्या कडेला शंभर-दोनशे चौरस फुटांत भाजी, रोपं, फुलं जपण्यासाठी काय उभारावं, त्याचा इथे साकल्याने विचार करतो आहे. गेली काही वर्षं मी हे स्वतः करतो आहे आणि जिल्ह्यातली बरीच परसं हिंडून पाहिली आहेत. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे : कोकणात हरितगृह म्हणजे चार भिंतींची पेटी नव्हे. ते एक छप्पर आहे, आणि तेही ऋतूप्रमाणे बदलणारं.

हरितगृहाची मूळ कल्पना थंड देशांतली. काचेतून ऊन आत येतं, आतली हवा तापते, ती बाहेर निसटत नाही. बाहेर बर्फ असलं तरी आत रोप जगतं. जोसेफ पॅक्स्टनने लंडनमध्ये १८५१ साली उभारलेला क्रिस्टल पॅलेस हा या काचघरांचाच थोरला भाऊ, आणि बंगळूरच्या लालबागेतलं १८८९ सालचं काचघर त्याच घराण्यातलं. काच महाग, म्हणून ही चैन राजेरजवाड्यांची आणि सरकारी बागांची राहिली. १९४८ साली अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकाने काच परवडत नाही म्हणून तिच्याऐवजी पारदर्शक कागद ताणून बसवला आणि तिथून प्लास्टिकच्या हरितगृहांना सुरुवात झाली. आज मावळात गुलाबाची पॉलिहाऊसं दिसतात किंवा लडाखमध्ये जमिनीत चर खणून त्यावर प्लास्टिक अंथरून हिवाळ्यात पालक काढतात, ते सगळं या एका युक्तीवर उभं आहे. लडाखात ती जीव वाचवते, कारण तिथला शत्रू थंडी आहे.

रत्नागिरीत थंडी शत्रू नाही. इथे हिवाळ्यातही पारा सहसा पंधरा अंशांखाली जात नाही. इथे छळतात तीन गोष्टी. जून ते सप्टेंबरमध्ये ओतणारा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, मार्च ते मेमधलं कातळ तापवणारं ऊन, आणि बारा महिने येणारी वानरं-माकडं. ज्या यंत्रणेचं मुख्य काम उष्णता कोंडणं, ती इथे जशीच्या तशी आणली तर एप्रिलच्या दुपारी आतली रोपं शिजतात आणि श्रावणात बुरशीने माखतात. म्हणून ‘कोणतं हरितगृह चांगलं?’ असं विचारण्याआधी ‘मला कशापासून राखण करायची आहे?’ हे ठरवावं. पुढची निम्मी निवड तिथेच होते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती विक्रेता सांगणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे पिकणाऱ्या बऱ्याच भाज्यांना छप्पर लागतच नाही. पडवळ, दोडका, काकडी, कारली मांडवावर सोडली की पावसात मोकाट वाढतात. भेंडी, माठ, अळू यांना तर पाऊस हवाच. त्यांच्यासाठी पैसे घालू नयेत. छप्पर लागतं ते कोथिंबीर, मेथी, पालक यांसारख्या नाजूक पालेभाज्यांना, टोमॅटो-मिरची-वांग्याच्या रोपवाटिकेला, मोगऱ्याच्या किंवा काळ्या मिरीच्या छाटकलमांना आणि ऑर्किड-अँथुरियमसारख्या हौशी फुलांना. यातलं तुमच्याकडे काहीच नसेल तर वेलीचा मांडव घाला आणि सुखी राहा.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू.

सगळ्यात जास्त खपतं ते घरपोच येणारं तयार ‘ग्रीनहाऊस किट’. बारीक पोकळ नळ्या, एकमेकींत खोचायचे प्लास्टिकचे सांधे, वर झिपवालं आवरण. चित्रात देखणं दिसतं, किंमतही बेताची. माझ्याकडे असं एक आलं होतं. मे महिन्याच्या अखेरीस, अजून पाऊस सुरूही झाला नव्हता, वळवाच्या एका वावटळीने ते उचललं आणि गडग्यापलीकडे शेजाऱ्यांच्या काजूवर नेऊन टाकलं. आवरण फाटलं नव्हतं, पण नळ्या वाकल्या आणि सांधे तडकले. त्याआधी महिनाभर, झिप लावून ठेवलेल्या दिवशी, दुपारी दोन वाजता आत हात घातला तर वाफेत घातल्यासारखा वाटायचा. वांग्याची चाळीस-पन्नास रोपं त्यात करपली. ही वस्तू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती दुसऱ्या हवेसाठी बनवलेली आहे. आपल्याकडे तिचा उपयोग पडवीत, भिंतीच्या आडोशाला, झिप उघडी ठेवून कुंड्यांची मांडणी म्हणून होईल, तेवढाच.

काचेचा विचारही करू नये. ज्या आगरात नारळ आहे तिथे काचेखाली उभं राहणं धोक्याचं आहे. पॉलिकार्बोनेटचे पत्रे मात्र विचारात घ्यावेत. पोकळ कप्प्यांचे, एका बाजूने अतिनील किरणांना रोखणारा लेप दिलेले पत्रे बरीच वर्षं टिकतात आणि वाऱ्यात फडफडत नाहीत. लेपाची बाजू वर ठेवायची असते, हे कारागिराला सांगावं लागतं; उलटं बसवलं तर पत्रा लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. कप्प्यांची टोकं पट्टीने बंद केली नाहीत तर आत शेवाळ धरतं, ते मग निघत नाही. खर्च मोठा. ज्याला कायमचं बांधायचं आहे आणि दर तीन-चार वर्षांनी कागद बदलायचा व्याप नको आहे, त्याने हा मार्ग घ्यावा. नालीदार फायबरचे स्वस्त पत्रे पहिल्या वर्षी छान दिसतात, पुढे मळकट होऊन उजेड अडवतात.

शेडनेट, म्हणजे आपण नुसतं ‘जाळी’ म्हणतो ती, सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. ती टक्क्यांवर मिळते : ३५, ५०, ७५, ९०. हा आकडा किती ऊन अडतं त्याचा. परसातल्या भाजीला उन्हाळ्यात ५० टक्के पुरेशी. अँथुरियम, ऑर्किड, नव्याने बांधलेली कलमं यांना ७५. चपट्या पट्टीच्या जाळीपेक्षा गोल धाग्याची जाळी जास्त टिकते आणि वारा सोडते. पण जाळीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ती पाऊस अडवत नाही. पाणी तिच्यावर साठून जाड थेंबांनी खाली पडतं, तेही रोज त्याच त्याच जागी. शिवाय आषाढात आकाश आधीच काळोखलेलं असतं, त्यात ५० टक्के जाळी म्हणजे रोपांना दिवसाही संध्याकाळ. रोपं उंच, पांढुरकी, मान टाकलेली दिसली की समजावं, जाळी काढायची राहिली.

मग राहतो तो पर्याय ज्याला मी कोकणापुरता पहिला क्रमांक देतो : पावसाचं छप्पर. वर पारदर्शक कागद, चारही बाजू मोकळ्या. कागद मात्र पॉलिहाऊसचाच घ्यावा, २०० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांत टिकणारा. साधा प्लास्टिकचा कागद एका उन्हाळ्यात चुरचुरीत होऊन फाटतो. निळी ताडपत्री तर नकोच. तिच्याखाली पाऊस थांबतो आणि उजेडही. हेच छप्पर उन्हाळ्यात जाळीचं होतं, हिवाळ्यात उघडं. एकच सांगाडा, दोन पांघरुणं.

सांगाड्याचं म्हणाल तर लोखंड की बांबू, हे समुद्र किती लांब आहे त्यावर ठरतं. मिऱ्या, मांडवी, भाट्ये या पट्ट्यात खारा वारा जस्ताच्या मुलाम्यालाही सोडत नाही. गंज आधी वेल्डिंगच्या जागी येतो, कारण तिथला मुलामा वेल्डिंगच्या आचेने जळालेला असतो. म्हणून जीआय पाइप वापरायचे तर वेल्डिंग टाळून क्लॅम्प लावावेत, आणि करावंच लागलं तर सांध्याला जस्ताचा रंग द्यावा. देवरुख, लांज्याकडे एवढी भीती नाही. बांबूत माणगा चांगला. तो जवळजवळ भरीव असतो, सरळ असतो आणि आपल्याच बांधावर मिळतो. गाडायच्या टोकाला डांबर लावलं तर खांब काही वर्षं निभावतात. बांबू कधीतरी बदलावा लागेल, हे मनात धरूनच बांधायचं. नुसत्या सुतळीने आवळू नये, ती पहिल्याच पावसाळ्यात कुजते.

बांधताना तीन गोष्टींत तडजोड नको. पहिली, उतार. शंभर चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि रत्नागिरीत तो एका दिवसात कितीदा तरी होतो, की नऊशे लिटरहून जास्त पाणी पडतं. पूर्ण पावसाळ्याचा हिशेब अठ्ठावीस हजार लिटरवर जातो. कागदाला कुठे पोट सुटलं आणि एक मीटर लांबी-रुंदीच्या खोलगटात दहा सेंटिमीटर पाणी साठलं, तर तिथे शंभर किलोचं ओझं लोंबकळतं. आपल्या कौलारू घरांचे उतार एवढे खडे का असतात, ते इथे कळतं. छपराचा उतार तसाच ठेवावा, वासे दोन-दोन फुटांवर घ्यावेत आणि कागद खेचून, कडेला बांबूच्या कांबीने किंवा पॉलिहाऊसवाले वापरतात त्या पट्टी-स्प्रिंगने पक्का करावा. खिळा थेट कागदात ठोकला की फाटण्याची सुरुवात तिथूनच होते. पागोळ्यांखाली चर खणावा किंवा पन्हळ लावावी, नाहीतर वरचं पाणी खालून वाफ्यात शिरतं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

दुसरी, वारा. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. असल्या वाऱ्यापुढे परसातलं कोणतंच छप्पर टिकणार नाही, आणि टिकवायचा हट्टही धरू नये. वादळाचा इशारा आला की अर्ध्या तासात कागद सोडवून गुंडाळता यावा, अशी बांधणी हवी. सांगाडा वाचला तर सगळं वाचलं. नेहमीच्या पावसाळी वाऱ्यासाठी अरुंद बाजू पश्चिम-नैऋत्येला ठेवावी, आणि त्या अंगाला छप्पर दीड-दोन हात पुढे काढावं, कारण आपला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. सड्यावर घर असेल तर खांबासाठी कातळ फोडणं जिकिरीचं. तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचा चौथरा करून त्यात खांब सिमेंटने बसवावेत. गच्चीवर जुन्या डब्यांत काँक्रीट ओतून.

तिसरी, उंची. बुटकं छप्पर स्वस्त पडतं, लवकर तापतंही. कडेला सात-आठ फूट, मध्ये दहा-अकरा, आणि आढ्यापाशी गरम हवा निसटायला पदराआड एक फट. रत्नागिरी सतराव्या अक्षांशावर आहे. मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर असतो. बाजूंनी कितीही आडोसा केला तरी ऊन वरूनच येणार, म्हणून बाजू झाकण्यात काही हशील नाही.

बाजू झाकायच्या त्या एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे माकडं. वानरांची टोळी एका सकाळी किती नासधूस करते, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नायलॉनची जाळी ती फाडतात, कागदावर उड्या मारतात. जिथे त्रास जास्त आहे तिथे छपराखालून आणि बाजूंनी लोखंडी जाळीचा पिंजराच करावा लागतो. मला तो मनापासून आवडत नाही, बाग बंदिस्त वाटते; पण सलग तीन वर्षं टोमॅटो हातचे गेलेल्या घरात पिंजरा झाल्यावर पहिल्यांदा पाटीभर टोमॅटो निघाले, ते मी पाहिलं आहे. खर्चाचा मोठा वाटा या जाळीचा असतो, म्हणून आधी ती लागते का ते ठरवावं.

कीड रोखणारी बारीक जाळी बाजूंना लावायचा सल्ला पुष्कळ मिळतो. चाळीस मेशची जाळी पांढरी माशी अडवते हे खरं. तीच मधमाशीही अडवते, आणि वाराही. टोमॅटो-मिरचीची फुलं आपली आपण फळतात, सकाळी झाडाला हलकं हलवलं की पुरे. काकडी, कारली, दुधी यांचं तसं नाही. आत लावलीत तर नर फुलाचा पराग मादी फुलावर हाताने टेकवावा लागतो. काकडी-कारल्याला सकाळी, आणि दोडका-दुधीला संध्याकाळी, कारण त्यांची फुलं दिवेलागणीलाच उमलतात. मादी फूल ओळखणं सोपं, पाकळ्यांमागे बोटभर कोवळं फळ आधीच लागलेलं असतं. हे काम मुलांना द्यावं, त्यांना फार आवडतं.

छपराखालचं एक सत्य उशिरा कळतं. पाऊस झाडं धुतो. छपराखाली ती धुतली जात नाहीत, म्हणून बाहेर मुसळधार पाऊस असताना आत लाल कोळी, मावा, पिठ्या ढेकूण वाढतात. आठवड्यातून एकदा सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर निम्मी कीड आटोक्यात राहते, गरज पडली तर निंबोळी अर्क. पाणीही भर पावसात घालावं लागतं. बाहेर सगळं चिंब असताना आतल्या वाफ्याला तहान लागलेली असते, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. सकाळी घालावं, संध्याकाळी नको. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण. खतांचे क्षारही धुऊन जात नाहीत, मातीवर पांढुरका थर दिसू लागतो. यावर उपाय सोपा आहे. दिवाळीनंतर कागद काढूनच ठेवावा, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या दोन-तीन सरी उघड्या वाफ्यावर पडू द्याव्यात. हिवाळ्यात कोकणची हवा इतकी चांगली असते की छपराची गरजच नाही.

माती हा वेगळा विषय आहे. जांभ्याची माती आम्ल, पाणी न धरणारी. टोमॅटो-वांग्याला मर रोग लागण्याचं प्रमाण इथल्या दमट उष्ण हवेत मोठं. छप्पर घातलं म्हणून मर थांबत नाही, ती मातीतून येते. चिऱ्यांचा गुडघाभर उंच वाफा करून त्यात शेणखत, धुतलेला नारळाचा भुसा आणि चाळलेली माती भरावी, आणि एकाच वाफ्यात दरवर्षी टोमॅटो-वांगी-मिरची लावू नये. ती एकाच कुळातली, रोगही एकच.

घरच्या छपराचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग मात्र भाजीचा नाही, रोपांचा आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. कोकणात आज सर्रास बांधलं जाणारं आंब्याचं कोय कलम घरोघरी पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. खाल्लेल्या आंब्याची कोय पावसाच्या सुरुवातीला रुजत घालायची. कोंब वर येतो तेव्हा पानं तांब्याच्या रंगाची असतात, आणि तीच वेळ. तो रंग हिरवा व्हायच्या आत, कोयीपासून चार बोटं वर शेंडा छाटायचा, देठाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या तीन-चार महिन्यांच्या फांदीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. साल सालीला भिडली पाहिजे, एवढंच कसब. पुढचे काही आठवडे त्याला दमट हवा हवी, पण थेट पाऊस आणि कडक ऊन नको. हे हुबेहूब आपल्या मोकळ्या बाजूंच्या छपराचं वर्णन आहे. काजूची मृदुकाष्ठ कलमं, मिरीची छाटकलमं, जायफळ, सगळं अशाच आडोशाला वाढतं.

आणि ज्याच्याकडे आगर आहे त्याने जाळी विकत आणण्याआधी वर पाहावं. नारळ-पोफळीखालची सावली हीच कोकणची सर्वांत जुनी शेडनेट. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी लावण्याची ‘लाखी बाग’ मांडली, ती याच सावलीच्या भरवशावर. आपले वाडवडील उन्हाळ्यात खळ्यात झापांचा मांडव घालत आणि पावसाआधी उतरवत. ऋतूप्रमाणे पांघरूण बदलायची रीत त्यांना ठाऊक होती. झावळ आणि नारळ पडतात, तेव्हा कागदाचं छप्पर माडाखाली नको, कुंड्यांची मांडणी मात्र जरूर तिथे करावी.

सरकारी अनुदानाबद्दल विचारणा होते. फलोत्पादन अभियानातून शेडनेट आणि पॉलिहाऊसला मदत मिळते, पण ती शेतकऱ्याच्या व्यापारी लागवडीच्या हिशेबाने आखलेली आहे. परसातल्या शंभर फुटांसाठी तिच्या मागे धावण्यात वेळ दवडू नये. आणि जुना झालेला कागद जाळू नका. तो धुऊन, गुंडाळून भंगारात द्या.

पहिल्या वर्षी दहा फूट बाय दहा फुटांपेक्षा मोठं काही बांधू नका. माणग्याचे सहा खांब, एक आढं, पॉलिहाऊसचा कागद आणि ५० टक्क्यांची जाळी एवढ्यावर काम भागतं. मार्चमध्ये सांगाडा उभा करून जाळी घाला, म्हणजे उन्हाळ्यात त्याची परीक्षा होईल आणि कुठला खांब हलतो ते कळेल. रोहिणी नक्षत्र लागलं की कागद, कांबी आणि दोर तयार ठेवा, पहिल्या दोन-तीन सरींनी वाफा धुतला गेला की जाळी उतरवून कागद चढवा, आणि धने हलके रगडून, दोन फोडी करून त्याच दिवशी पेरा. पाच-सहा आठवड्यांत, बाहेर आषाढ कोसळत असताना, घरची कोथिंबीर कापायला मिळेल.